खाडा नको म्हणून

कंबर दुखणारा माणूस माझ्या दवाखान्यात शिरला की आधी खुर्चीकडे बघतो. माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे नाही. खुर्ची किती खाली आहे, तिला हात आहेत का, बसलो तर उठता येईल का, याचा तो अंदाज घेत असतो. तो खुर्ची बघतो आणि मी त्याला बघते. तेवढ्यात मला बरंच कळून जातं.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना ‘कंबरदुखी टाळण्याचे सोपे उपाय’ हवे होते. ते उपाय मी आयुष्यभर सांगत आले. महिला मंडळांत सांगितले, कारखान्यांच्या सुरक्षा सप्ताहात सांगितले, एका लग्नात जेवणाच्या पंगतीतही सांगितले. पण कंबरदुखीवर लिहायचं म्हटल्यावर मला आठवतं ते बेडशाचं एक जोडपं, आणि त्यात सोपं काहीच नाही. दोघांची नावं बदलली आहेत. रत्नाला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, “लिवा. पर सगळं लिवा. लाजंची गोष्ट हाय म्हनून गाळू नगा.”

मी फिजिओथेरपिस्ट. आधी लोणावळ्यात एका इस्पितळात नोकरी केली, मग कामशेतला स्वतःचा छोटा दवाखाना काढला. आता गुडघे कुरकुरायला लागल्यापासून फक्त सकाळीच उघडते. इकडे मला कुणी शेकवाल्या मॅडम म्हणतं, कुणी लाइटवाल्या बाई. एक आजोबा बाहेर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, “मालिशवाली डॉक्टरीण आली का?” मालिश मी करत नाही. शेक देते, पण तो माणसाला जरा सैल करण्यापुरता. माझं खरं काम म्हणजे घाबरलेल्या शरीराला पुन्हा हलायला शिकवणं.

मावळात दुखऱ्या कंबरांना तोटा नाही. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांकडची माणसं येतात. गूळ-शेंगदाण्याचा गरम गोळा ओट्यावर ओतला की गार व्हायच्या आत लाटून पातळ करावा लागतो. तोवर मान वर करायची सोय नाही. बंगले सांभाळणारे येतात. पाहुण्यांच्या बॅगा, गॅसची टाकी, पोहण्याच्या तलावाचं औषध, सगळं चढावरून त्यांनीच वाहायचं. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गँगमन येत. घाटात रूळ उचलून त्यांची उमर गेली होती आणि कमरेचा पट्टा ते अंघोळीपुरताच काढत. मी त्यांना पट्ट्याशिवाय उभं केलं, चालवलं, वाकवलं. खूश होऊन त्यांनी पट्टा माझ्या खुंटीला टांगला आणि गेले. दुसऱ्या दिवशी तो परत न्यायला हजर. म्हणाले, “मॅडम, कंबर बरी हाय. पर पट्ट्याबिगर लय एकटं वाटतंया.”

अशा माणसांमुळे हा धंदा सुसह्य झाला. पण सगळी कहाणी अशी हसण्यावर नेता येत नाही.

सुदाम आला तेव्हा वैशाखाचं ऊन होतं. बेडशाहून वडापच्या जीपमधून आला होता आणि आल्यावर बसलाच नाही. एक हात भिंतीला, एक मांडीवर. अंगानं काटक, वय चाळिशीच्या आसपास. मागे त्याची बायको रत्ना, हातात एमआरआयचं मोठं पाकीट.

“बसा ना,” मी म्हटलं.

“नगं मॅडम. बसलं का उठताना जीव जातो.”

“काय झालं?”

“मनक्यात गॅप हाय.”

“ते एमआरआयला झालंय. तुम्हाला काय झालं?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. हा प्रश्न त्याला बहुधा कुणी विचारलाच नव्हता. मग सावकाश म्हणाला, “पेटी निसटली. मी झेलली. झेलाया नगं हुती. पर खाली दुसरा मानूस बसल्याला हुता.”

सोमाटण्याजवळच्या एका मोठ्या गोदामात तो कंत्राटावर माल चढवण्याचं काम करत होता. गाड्यांचे सुटे भाग भरलेल्या लाकडी पेट्या. खालचा माणूस वाचला. सुदामच्या कमरेत वीज चमकल्यासारखं झालं आणि तो तिथेच गुडघ्यावर बसला. पुढे एका डॉक्टरांनी एमआरआयवर बोट ठेवून सांगितलं, इथं गॅप आहे, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, उचललंत तर लुळे पडाल. हे ऐकल्यापासून तो फळीवर झोपून होता. पाण्याचा तांब्याही उचलत नव्हता. चपला रत्ना पायात घालत होती.

इथे बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगते. मणक्यांच्या मध्ये मऊ चकत्या असतात. वयाबरोबर त्या सुकतात, चपट्या होतात, थोड्या बाहेर डोकावतात. केस पिकतात तसंच ते. ज्यांची कंबर जन्मात दुखली नाही त्यांच्या एमआरआयमध्येही हे दिसतं. कष्टकऱ्याची कंबर धरते ती बहुतेक वेळा दुखते फार, पण मोडत नाही, आणि हळूहळू हलत राहिलं तर सुटते. झोपून राहिलं तर स्नायू विरघळतात, मनात भीती बसते आणि मग दुखणं त्या भीतीच्या आधारानं जगतं. मी सुदामचे पाय तपासले. ताकद होती. स्पर्श कळत होता. लघवी, संडास व्यवस्थित होतं का, बसायच्या जागेला बधिरपणा आहे का, हेही विचारलं. हे प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो आणि प्रत्येक जण ओशाळतो. सुदामही ओशाळला, पण सगळं ठीक होतं.

“सुदामभाऊ,” मी म्हटलं, “तुमच्या चपला तुम्ही उचला.”

रत्ना चटकन उठून उभी राहिली. “मॅडम, ह्यांना काय झालं तर?”

“मी आहे.”

त्यानं टेबलाची कड धरली. कपाळावर घाम आला. गुडघे वाकवत, थांबत, श्वास रोखत तो खाली गेला आणि एक चप्पल उचलून वर आला. चप्पल हातात तशीच धरून म्हणाला, “दुकलं. पर तुटलं न्हाई.”

रत्ना तोंडाला पदर लावून रडायला लागली.

त्यानंतर तो नेमानं येत राहिला. आधी घरापासून रस्त्यापर्यंत चालायचं. मग गावावरच्या डोंगरातल्या लेण्यांच्या पायऱ्या, आज थोड्या, उद्या त्याच्या पुढे. वर पोचला की तो लेण्यात गार दगडावर बसून यायचा. “वर गेलं का कंबर बी गप बसती,” असं सांगायचा. पाऊस सरत आला तेव्हा मी एका खोक्यात विटा भरून त्याच्याकडून उचलून घ्यायला लागले. वजन अंगाजवळ, पाय फाकवून, श्वास सोडत. विटा वाढत गेल्या. दसऱ्याच्या सुमाराला तो गोदामात उचलायचा तेवढं वजन माझ्यासमोर उचलून ठेवत होता, तेही गप्पा मारत. खरं सांगायचं तर मला त्या कमरेचा अभिमान वाटत होता. आमच्या कामात हातात दाखवण्यासारखं काही उरत नाही. सुदामची ताठ पाठ मात्र मी लोकांना दाखवायची. नवा रोगी घाबरला की म्हणायची, ते बघा, ते बाहेर उभे आहेत ना, ते फळीवर होते.

रत्ना दर वेळी त्याच्याबरोबर यायची आणि बाकावर बसायची. एकदा पाहुण्यांना लेणी दाखवायला गेले तेव्हा तिच्या घरीही डोकावले. ती गवताचा भारा डोक्यावरून उतरवत होती. सकाळी ती तिकोणा पेठेच्या रस्त्याला एका पॉलीहाऊसमध्ये जायची, गुलाबांच्या कामाला. वाफ्यांमध्ये वाकून खुडणी, मग फुलांच्या भरल्या बादल्या उचलून थंड खोलीत. घरी आलं की पाणी, गवत, शेण, स्वयंपाक. सुदाम पडून असताना घरातलं उचलायचं सगळं हिच्याच अंगावर आलं होतं. भारा टाकून ती सरळ होताना मी पाहिलं. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, टप्प्याटप्प्यानं.

“रत्ना, तुझी कंबर दुखते.”

“बायांची दुकतीच की वं मॅडम. तुमची न्हाई दुकत?”

“दुखते.”

“मंग?” आणि ती हसली.

दवाखान्यात मी तिला टेबलावर झोपायला सांगितलं, एकदा नाही, अनेकदा. ती म्हणायची, “आदी ह्यांचं काम लागू द्या. मंग माजी कंबर तुमच्या हवाली.”

सुदामचं काम मात्र लागत नव्हतं. तो बरा झाल्याचा दाखला घेऊन गोदामाच्या गेटवर गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा परत. कंबरवाला नको, असं सांगत होते. शेवटी मी स्वतः कंत्राटदाराच्या सुपरवायझरला फोन लावला. बोलायला सभ्य होता. मी त्याला समजावलं की सुदामची कंबर आता पूर्वीपेक्षा मजबूत आहे, कसं उचलायचं ते त्याला इतरांपेक्षा चांगलं कळतं, तुमच्या बाकीच्या माणसांनाही तो शिकवेल.

“मॅडम, तुमचं सगळं बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण बरा झालेला माणूस परत दुखतो. नव्या माणसाचं दुखायला अजून वेळ असतो.”

मी माणसं दुरुस्त करून ज्या दारात पाठवत होते, त्या दाराचा हा हिशेब होता. पेट्यांना कड्या लावा, उचलायला साधी ढकलगाडी द्या, हे मी सुरक्षा सप्ताहात दर वर्षी सांगायची. टाळ्या वाजायच्या, नारळ मिळायचा, पेट्या तशाच राहायच्या.

थंडीत मालाची धांदल उडाली, माणसं कमी पडली आणि सुदामला बोलावणं आलं. अट एकच. खाडा चालणार नाही. एक खाडा झाला की गेट बंद. तो पेढे घेऊन माझ्याकडे आला. रत्ना मागे उभी होती. मी म्हटलं, “आता तुझी पाळी.” ती म्हणाली, “येती. फुलांचा सीजन जाऊ द्या.”

फुलांचा सीजन म्हणजे फेब्रुवारी. त्या महिन्यात जगभर लोक एकमेकांना गुलाब देतात आणि त्यातले कितीतरी आमच्या पवन मावळातून जातात. पॉलीहाऊसमध्ये तेव्हा सुट्टी नसते. रत्नाची कंबर आणि डावा पाय तेव्हा आधीपासूनच दुखत होता, हे मला नंतर कळलं. एका दुपारी फुलांची बादली उचलून वळताना तिच्या कमरेत काहीतरी सरकलं. ती बादली धरून तशीच उभी राहिली. मग बादली खाली ठेवली आणि काम पुरं केलं.

ती माझ्याकडे आली त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी, एकटीच. सुदामला सांगितलं होतं, बाजाराला जाते. दारातून आत येताना तिचे दोन्ही पाय फरशीवर घासत होते. तिनं खुर्चीकडे पाहिलं नाही. सरळ येऊन टेबलाच्या कडेला टेकली.

“मॅडम, पाय लय जड झाल्यात. जरा शेक द्या. दुपारच्या खुडनीला जायाचंय.”

मी तिला झोपवलं. पायांचे अंगठे वर ओढ म्हटलं. जेमतेम हलले, दोन्हीकडचे. मग मी नेहमीचे प्रश्न विचारायला लागले आणि लघवीच्या प्रश्नाला तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“रत्ना?”

“हुतच न्हाई,” ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. “परवापास्नं. उन्हाळी लागली वाटलं. धन्याचं पानी पिले. पोट फुगलंय नुसतं. थेंब थेंब आपसूक गळतंय, ते बी कळत न्हाई.”

“बसायच्या जागेला हात लावला तर कळतं?”

तिनं हात मागे नेऊन पाहिला. “जागाच न्हाई, मॅडम. तितं जसं कायच न्हाई.”

कण्याच्या तळाशी नसांचा एक जुडगा असतो, घोड्याच्या शेपटासारखा. पायांकडे, लघवीच्या पिशवीकडे, संडासच्या जागेकडे जाणाऱ्या नसा त्यातच असतात. चकतीचा मोठा तुकडा सुटून त्यावर बसला तर ही सगळी यंत्रणा बंद पडायला लागते. फार थोड्या जणांना होतं हे. कंबरदुखीच्या हजार माणसांत एखादाही दिसत नाही, म्हणून तर आम्ही प्रत्येकाला ते प्रश्न विचारतो. दिसला तर मात्र ना शेक, ना व्यायाम, ना उद्या. तातडीनं ऑपरेशन. जितका उशीर, तितकं परत न येणारं.

मी बाकीच्या रोग्यांना घरी पाठवलं आणि ओळखीच्या गाडीवाल्याला बोलावलं. रत्ना घाबरली ती आजाराला नाही.

“ह्यांना नगा सांगू,” ती म्हणाली. “ड्युटी सोडून येत्याल.”

मी गाडीतूनच सुदामला फोन लावला. बंद. आत जाताना गेटवर फोन ठेवून घेतात. सुपरवायझरला लावला. सांगितलं, त्याच्या बायकोचं तातडीचं ऑपरेशन आहे, आत्ताच्या आत्ता सोडा. “सांगतो, मॅडम,” तो म्हणाला. मी पुन्हा लावला. “निरोप दिलाय,” म्हणाला. रत्ना मागच्या सीटवर एका कुशीवर पडली होती. जुन्या हायवेवर लोणावळ्याहून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. शेजारच्या गाडीत मुलं चिक्की खात होती. मी तिचा हात धरून बसले आणि तिला बोलतं ठेवण्यासाठी काहीतरी विचारत राहिले. तिनं मला एकदाच विचारलं, “आपरेशन झालं का कामाला कदी जायाचं?”

पुण्यातल्या इस्पितळात त्यांनी वेळ घालवला नाही. ते लोक चांगले होते. संध्याकाळी तिला आत घेतलं. सुदाम आला तो शिफ्ट संपल्यावर, गोदामाचा शर्ट तसाच अंगात. निरोप त्याला मिळालाच नव्हता. गेटवर फोन परत घेतला तेव्हा माझे चुकलेले कॉल दिसले. मी त्याला सगळं सांगितलं. त्याला शब्द कळत होते, पण अर्थ लागत नव्हता.

“सकाळी भाकऱ्या केल्या की तिनं,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “मला डबा दिला की वं.”

रत्नाच्या पायांतली ताकद आली. आधी उजव्या, मग डाव्या. मी तिला वॉकरवर उभं केलं, मग काठीवर, मग नुसतं. बाहेरच्यांना ती बरी दिसायला लागली. लघवीची जाणीव मात्र आली नाही. नर्सनं तिला स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकवलं. दिवसातून कितीतरी वेळा, घड्याळ बघून, आयुष्यभर. नळी स्वच्छ ठेवायची, तरी ताप यायचा, थंडी वाजायची, औषधं चालू व्हायची. संडासचंही तसंच. पॉलीहाऊसमध्ये तिनं परत तोंड दाखवलं नाही. विहारात वंदनेला जाणं तिनं थांबवलं. सगळ्या बायका मांडीला मांडी लावून बसतात, आपल्याला वास आला तर. बायका बोलवायला यायच्या. ती म्हणायची, पाय दुखतोय.

सुदामचे ओळीनं खाडे झाले आणि गेट बंद झालं. ते कुणी त्याला सांगितलंही नाही. तो गेला तेव्हा आत घेतलं नाही, इतकंच. आता तो मिळेल ती मजुरी करायचा आणि घरातलं सगळं उचलायचा. पाणी, गवत, सरपण. मी गेले की बघायची, वजन अंगाजवळ, पाय फाकवून, श्वास सोडत. सगळं मी शिकवल्यासारखं. एवढं एकच माझं नीट झालेलं काम त्या घरात हिंडत होतं.

पावसाळ्याआधीची गोष्ट. मी रत्नाला तपासायला बेडशाला गेले होते. ओसरीवर ती चटईवर पडली होती, मी तिच्या पायाचे व्यायाम घेत होते, सुदाम उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसला होता. रत्ना छताकडे बघत म्हणाली, “मॅडम, एक इचारू? मी आदी आले असते तर? ज्या दिशी बादली उचलली, त्याच दिशी?”

मी तिचा पाय हातात धरून थांबले.

“तर काय, रत्ना?”

“तर ही नळी लागली नसती का?”

मी सुदामकडे पाहिलं. त्याचे हात सुपात थांबले होते. “खरं सांगा, मॅडम,” तो म्हणाला. “डाक्टर लोक फिरवून बोलत्यात. तुमी फिरवू नगा.”

त्या दोघांशी मी कधी फिरवून बोलले नव्हते. चप्पल उचल म्हणाले तेव्हाही नाही. खोटं बोलले असते तर रत्नानं ओळखलं असतं. म्हटलं, “खात्री कुणीच देणार नाही. पण लगेच ऑपरेशन झालं असतं तर बहुतेक लागली नसती.”

तिनं मान हलवली, जणू बाजारात भाव विचारून झाला. सुदाम मात्र सूप बाजूला ठेवून उठला.

“मंग का न्हाई बोललीस?” त्याचा आवाज चढला नव्हता, चिरला होता. “दोन दिस माज्या शेजारी झोपलीस. का न्हाई बोललीस?”

“तुमचा खाडा झाला असता,” रत्ना म्हणाली. “लय दिसांनी काम लागल्यालं तुमचं.”

सुदाम खाली वाकून सूप उचलायला गेला आणि वाकला तसाच राहिला. सुपात मूठभर तांदूळ होते. मी धावले. त्याच्या कमरेचे स्नायू हाताला दगडासारखे लागत होते. त्याला वर येता येईना, खाली बसता येईना. तिथेच भिंतीला धरून मी त्याला कसंबसं टेकवलं. रत्ना चटईवरून उठायला बघत होती, तिला उठवायला मात्र कुणी मोकळं नव्हतं.

पाय तपासले. ताकद होती, स्पर्श होता, सगळं शाबूत होतं. दोन-चार दिवसांत सुटेल असं मला वाटलं. सुटलं नाही.

कमरेत नुसता कणा नसतो, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना शिकवत आले. काळजी, दुःख, अपमान, सगळं तिथे येऊन बसतं आणि त्या दुखण्याला एमआरआयमध्ये जागा नसते. शिकवणं सोपं होतं. आता रत्ना ठरल्या दिवशी कामशेतला येते तेव्हा सुदाम तिला जीपमधून उतरवतो, दारापर्यंत आणतो आणि स्वतः बाहेर उभा राहतो. एका बाजूला झुकलेला, एक हात भिंतीला. नवे रोगी त्याच्याकडे बघतात. मी आता त्याला कुणाला दाखवत नाही.

गेल्या खेपेला रत्नाला आत टेबलावर झोपवून मी बाहेर आले आणि त्याचा दंड धरला.

“सुदामभाऊ, आत चला. तुम्हाला माहिती आहे ही कशी सुटते. एकदा सोडवलीय आपण.”

त्यानं माझा हात हळूच बाजूला केला.

“नगं, मॅडम,” तो म्हणाला. “दुकू द्या. तिचं मला काय बी घेता येत न्हाई. ह्ये तरी माज्याकडं ऱ्हाऊ द्या.”

मी आत गेले आणि रत्नाचे व्यायाम सुरू केले.